स्टॅन्ली कप प्लेऑफमध्ये डोक्यावरच्या धडकांना शिक्षेचे माप एकच का नसते?

निळी_रेषा (मिसिसागा)

गेली बरीच वर्षे मी टोरंटो मेपल लीफ्स या आइस हॉकी संघाचे सामने पाहते, त्यामुळे माझ्या प्रश्नात संघप्रेम डोकावणे स्वाभाविक आहे. तरीही हा प्रश्न एका संघापुरता नाही, म्हणून तो सविस्तर मांडते.

५ मे २०२५ रोजी प्लेऑफच्या, म्हणजे नियमित हंगामानंतर स्टॅन्ली कपसाठी होणाऱ्या बाद मालिकांच्या, दुसऱ्या फेरीत फ्लोरिडा पँथर्सविरुद्धच्या पहिल्या सामन्यात सॅम बेनेट गोलसमोरून जात असताना त्याचा हात लीफ्सचा गोलरक्षक अँथनी स्टोलार्झ याच्या डोक्यावर आदळला. पंचांनी पेनल्टी दिली नाही. स्टोलार्झ काही वेळ खेळत राहिला, नंतर बाकाजवळ त्याला ओकारी आल्याचे प्रक्षेपणात दिसले, त्याला सामना सोडावा लागला आणि पुढे रुग्णालयात नेण्यात आले. एनएचएल या लीगच्या, अशा धडकांवरील शिक्षा ठरवणाऱ्या खेळाडू सुरक्षा विभागाने बेनेटवर कोणतीही कारवाई केली नाही. हाच बेनेट २०२३ च्या प्लेऑफमध्ये आमच्या मॅथ्यू नाइजला खाली पाडताना दिसला होता. नाइजला कन्कशन (आघाताने मेंदूला बसणारा हादरा) झाले आणि त्याची ती मालिका तिथेच संपली, पण बेनेटला त्या सामन्यासाठी जो ५,००० डॉलरचा दंड झाला तो मायकेल बंटिंगला स्टिकने मारल्याबद्दल होता, नाइजबद्दल नव्हे. त्याच वसंत ऋतूत, आधीच्या फेरीत, टँपा बेच्या एरिक चेर्नाकच्या डोक्यावर धडक दिल्याबद्दल बंटिंगला मात्र तीन सामन्यांचे निलंबन झाले होते, आणि ते मला योग्यच वाटले होते. २०२४ मध्ये बोस्टनच्या ब्रॅड मार्शांडला बेनेटचा ठोसा लागल्याची चित्रफीत नंतर समोर आली; मार्शांड पुढच्या दोन सामन्यांना मुकला, आणि कारवाई काहीच झाली नाही.

बेनेट वाईट माणूस आहे असे मला म्हणायचे नाही. तो उत्तम खेळाडू आहे आणि २०२५ च्या प्लेऑफमधील सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ करंडक त्याने मिळवला. मला खटकते ते हे की एखाद्या कृतीला तीन सामने, दुसरीला एक सामना आणि तिसरीला काहीच नाही, हे ठरते कसे, ते सामान्य प्रेक्षकाला बाहेरून कळत नाही. २०२५ च्या पहिल्या फेरीतही टँपा बेच्या ब्रँडन हेगलला अलेक्सांडर बार्कोव्हवरील धडकेसाठी एक सामना मिळाला, आणि काही दिवसांतच फ्लोरिडाच्या आरॉन एकब्लाडने त्याच हेगलच्या डोक्यावर हात मारला तेव्हा त्याला दोन सामने मिळाले. या आकड्यांमागे काही लेखी मोजपट्टी आहे का? प्लेऑफसाठी ती वेगळी असते का? आणि वेगळी असेल, तर डोक्याला होणाऱ्या इजेच्या बाबतीत तसे असणे आपल्याला न्याय्य वाटते का? ज्यांनी हा विषय जवळून पाहिला आहे त्यांनी कृपया लिहावे.

दुसरी_फळी (एडमंटन)

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की निकष लेखी आहेत, पण त्यांना आकडे जोडलेले नाहीत. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील सामूहिक करारात पाच गोष्टी पाहाव्यात असे म्हटले आहे: कृती हेतुपुरस्सर किंवा बेदरकार होती का, समोरच्याला इजा झाली का, खेळाडूचा पूर्वेतिहास काय, ती घटना सामन्याच्या कोणत्या स्थितीत घडली, आणि परिस्थितीनुसार इतर जे काही विचारात घ्यावेसे वाटेल ते. यातील कोणत्या बाबीला किती वजन द्यायचे हे कुठेही लिहिलेले नाही. ते विभागप्रमुख ठरवतो. २०११ मध्ये हा विभाग सुरू झाला तेव्हा ब्रेंडन शॅनाहन प्रमुख होते, त्यांच्यानंतर स्टेफान किंताल आले आणि २०१७ पासून जॉर्ज पॅरोस आहेत.

प्लेऑफची मोजपट्टी वेगळी असते, आणि लीग ते लपवतही नाही. प्लेऑफमधील एक सामना नियमित हंगामातील एका सामन्यापेक्षा जड मानला जातो, म्हणून ज्या धडकेला नोव्हेंबरमध्ये तीन-चार सामने मिळाले असते तिला मे महिन्यात एक किंवा दोन मिळतात. २०११ च्या अंतिम मालिकेत व्हँकुव्हरच्या आरॉन रोमने बोस्टनच्या नेथन हॉर्टनला पक (खेळातली चकती) सोडून दिल्यानंतर उशिरा धडक दिली, तेव्हा त्याला चार सामन्यांचे निलंबन झाले, म्हणजे उरलेली संपूर्ण अंतिम मालिका. स्टॅन्ली कपच्या अंतिम मालिकेत त्याआधी इतके मोठे निलंबन कोणालाच झाले नव्हते. पण त्याच मालिकेच्या पहिल्या सामन्यात अलेक्स बरोज पात्रीस बर्जरॉनचे बोट चावल्याच्या आरोपातून काही शिक्षा न होता सुटला, आणि पुढच्या सामन्यात जादा वेळेच्या अकराव्या सेकंदाला त्यानेच विजयी गोल केला. दोन्ही कृती एकसारख्या नाहीत हे मान्य, पण एका खेळाडूला पूर्ण मालिका आणि दुसऱ्याला काहीच नाही, यांच्यामध्ये कुठेतरी एक पायरी असायला हवी होती.

२०१२ चे उदाहरण याहून बोलके आहे. नॅशव्हिलच्या शे वेबरने डेट्रॉइटच्या हेन्रिक झेटरबर्गचे डोके धरून काचेवर आपटले आणि त्याला २,५०० डॉलरचा दंड झाला, जो त्या काळी कमाल दंड होता. त्याच आठवड्यात फीनिक्सच्या रॅफी टॉरेसने शिकागोच्या मारियन होसाला उडी घेऊन डोक्यावर धडक दिली. चार अधिकारी बर्फावर असूनही पेनल्टी लागली नाही, होसाला स्ट्रेचरवरून न्यावे लागले, आणि टॉरेसला पंचवीस सामन्यांचे निलंबन झाले, जे आयुक्त गॅरी बेटमन यांनी अपिलात एकवीसवर आणले. टॉरेसचा पूर्वेतिहास मोठा होता, त्यामुळे त्याची शिक्षा मला जास्त वाटत नाही. मला वेबरची शिक्षा कमी वाटते. झेटरबर्ग पुढचा सामना खेळला, आणि बहुधा तेवढ्यावरच ते प्रकरण निलंबनाच्या उंबरठ्याच्या अलीकडे थांबले.

पैशाचाही एक मुद्दा आहे, ज्याकडे फार कोणी लक्ष देत नाही. खेळाडूंचा पगार नियमित हंगामातच दिला जातो, म्हणून प्लेऑफमध्ये निलंबित झालेल्या खेळाडूच्या पगारातून काहीही कापले जात नाही. दंडाची कमाल रक्कमही कराराने बांधलेली आहे. २०२४ मध्ये व्हँकुव्हरविरुद्धच्या तिसऱ्या सामन्याच्या शेवटी आमच्या कॉनर मॅकडेव्हिडच्या तोंडावर कार्सन सूसीची स्टिक बसली, तेव्हा सूसीला एक सामना आणि त्याच झटापटीत सामील असलेल्या निकिता झदोरॉव्हला ५,००० डॉलर, असा हिशेब झाला. लक्षावधी डॉलर कमावणाऱ्या खेळाडूला ही रक्कम जाणवतही नाही. ती वाढवायची असेल तर खेळाडूंच्या संघटनेची संमती लागते, आणि या संघटनेला मारणाऱ्याची बाजूही मांडावी लागते आणि मार खाणाऱ्याचीही. माझ्या मते विसंगतीचे मूळ पॅरोस यांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा या रचनेत शोधावे.

शिट्टी (कॅलगरी)

मी इथे हौशी लीगमध्ये पंच म्हणून काम करतो. वरील दोन्ही लेखनांचा आदर राखून थोडे विरुद्ध मत मांडतो, कारण विभागावर होणारी टीका बऱ्याचदा दोन धडकांची छायाचित्रे शेजारी ठेवून केली जाते आणि तसे करणे दिशाभूल करणारे असते.

हेगल आणि एकब्लाड यांचेच पाहा. हेगलने बार्कोव्हला धडक दिली तेव्हा बार्कोव्हजवळ पक नव्हता, म्हणजे ती मुख्यतः अडथळ्याची पेनल्टी होती. पंचांनी जागीच मेजर (पाच मिनिटांची पेनल्टी) दिली आणि बार्कोव्ह पुढचा सामना खेळला. एकब्लाडच्या प्रकरणात हाताचा थेट आघात डोक्यावर होता, आणि हेगल त्या मालिकेत पुन्हा उतरू शकला नाही. पहिल्याला एक आणि दुसऱ्याला दोन सामने हे मला विसंगत वाटत नाही. तिथे निकष व्यवस्थित लागू झालेले दिसतात. डोक्यावरच्या धडकांविषयीचा नियम ४८ सुद्धा डोक्याला झालेल्या प्रत्येक स्पर्शाला गुन्हा ठरवत नाही. डोके हे आघाताचे मुख्य ठिकाण होते का आणि तो आघात टाळता आला असता का, असे दोन प्रश्न तो विचारतो. संथ गतीच्या चित्रफितीत सगळेच टाळता येण्यासारखे दिसते. प्रत्यक्ष बर्फावर दोन खेळाडू समोरासमोर येतात तेव्हा त्यांच्याजवळ विचाराला अर्धा सेकंदही नसतो.

इतिहासही विसरू नये. २००० मध्ये स्कॉट स्टीव्हन्सने एरिक लिंड्रॉसला आणि २००३ च्या अंतिम मालिकेत पॉल कारियाला दिलेल्या धडका त्या वेळच्या नियमांत बसत होत्या. १९९६ मध्ये क्रिस ड्रेपरचा जबडा मोडणाऱ्या क्लॉद लेम्यूला केवळ दोन सामने मिळाले. मार्च २०१० मध्ये मार्क सॅव्हार्डच्या डोक्यावर मॅट कुकने दिलेल्या धडकेला शिक्षा देता येईल असा नियमच हाती नव्हता, म्हणून तो घाईने करावा लागला. तिथून आजपर्यंतचा प्रवास मोठा आहे.

मेंदूतज्ज्ञ_नव्हे_पण_डॉक्टर (न्यू जर्सी)

मी आपत्कालीन विभागात काम करतो आणि कन्कशनचे रुग्ण नियमितपणे पाहतो. वरच्या चर्चेतील एका गोष्टीवर मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, ती म्हणजे ‘इजा झाली का’ हा निकष.

हाड मोडले तर एक्स-रेवर दिसते. २०२२ च्या पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत एव्हँडर केनने नाझेम कादरीला मागून कठड्यावर ढकलले, कादरीचा अंगठा मोडला, आणि केनला एक सामना मिळाला. तिथे इजेबद्दल वाद घालायला जागा नव्हती. कन्कशनचे तसे नसते. आघाताने मेंदू कवटीच्या आत हलतो आणि त्याच्या पेशींचे काम काही काळ बिघडते, पण सीटी स्कॅनवर सहसा काहीच दिसत नाही, कारण तो स्कॅन रक्तस्राव आणि अस्थिभंग शोधण्यासाठी असतो. निदान लक्षणांवरून आणि तपासणीवरून करावे लागते, आणि डोकेदुखी, मळमळ, प्रकाश सहन न होणे, गोंधळलेपणा ही लक्षणे काही वेळा कित्येक तासांनी उमटतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनावणी घ्यायची की नाही हे विभागाला ठरवायचे असते, तेव्हा त्याच्या हातात असलेली वैद्यकीय माहिती अपुरी असण्याची शक्यता खूप असते.

प्लेऑफमध्ये यात आणखी एक अडचण येते. संघ दुखापतींची माहिती जाणीवपूर्वक गुप्त ठेवतात आणि ‘शरीराच्या वरच्या भागाला दुखापत’ एवढेच सांगतात, कारण नेमके काय दुखते आहे हे प्रतिस्पर्ध्याला कळले तर तो तिथेच मारेल ही भीती असते. खेळाडूही सामना सोडायला तयार नसतो. म्हणजे ज्या काळात लक्षणे लपवण्याचे कारण सर्वांत बळकट असते, त्याच काळात शिक्षेचे वजन लक्षणांवर टाकले जाते. जो खेळाडू डोके दुखत असतानाही पुढच्या सामन्यात उतरतो, तो आपल्याला मारणाऱ्याची शिक्षा नकळत कमी करतो. आणि पहिल्या हादऱ्यातून बरे होण्यापूर्वी दुसरा बसला तर त्याचे परिणाम फार गंभीर होऊ शकतात, हे मी कुटुंबीयांना रोज समजावून सांगतो.

शिट्टी यांनी बार्कोव्ह पुढचा सामना खेळला हे हेगलची शिक्षा कमी असण्याच्या समर्थनार्थ लिहिले आहे. वैद्यकीय दृष्टीने मला तो तर्क पटत नाही. समोरचा उठून उभा राहिला हे नशीब असते. धडक देणाऱ्याचे त्यात काहीच कर्तृत्व नसते. कृती किती धोकादायक होती हे आघाताचे ठिकाण, वेग आणि धडक टाळण्याची संधी यांवरून ठरवता येते, आणि ते ठरवायला रुग्णालयाचा अहवाल लागत नाही.

जाता जाता एक नोंद. २०१८ मध्ये लीगने ३१८ माजी खेळाडूंबरोबर १.८९ कोटी डॉलरची तडजोड केली, पण डोक्याच्या इजांबद्दलची जबाबदारी मान्य केली नाही. डेरेक बूगार्ड आणि स्टीव्ह मोंटाडोर यांच्या मेंदूंत त्यांच्या मृत्यूनंतर सीटीई (डोक्यावरील वारंवार आघातांशी जोडला जाणारा मेंदूविकार) आढळला होता. या विषयावर बोलताना ही नावे माझ्या मनातून जात नाहीत.

निळी_रेषा (मिसिसागा)

सर्वांचे मनापासून आभार. शिट्टी, आपण हेगल आणि एकब्लाड यांच्यातला जो फरक दाखवलात तो मला पटला, आणि तो मला आपल्याकडून समजला, हाच माझा मुद्दा आहे. विभाग जेव्हा निलंबन करतो तेव्हा चित्रफीत प्रसिद्ध करून प्रत्येक बाब शांतपणे समजावतो; ते काम फार चांगले होते आणि मी त्या चित्रफिती आवर्जून पाहते. पण निलंबन नाकारतो तेव्हा सहसा एक वाक्यही येत नाही. स्टोलार्झच्या बाबतीत ‘आघात अपघाताने झाला’ असे त्यांना वाटले, की ‘डोके हे मुख्य ठिकाण नव्हते’ असे वाटले, हे सांगितले असते तर निदान काय अमान्य करायचे ते तरी कळले असते. शॅनाहन यांच्या काळात न केलेल्या कारवाईबद्दलही अधूनमधून स्पष्टीकरण दिले जात असे. ते का थांबले?

शिट्टी (कॅलगरी)

डॉक्टरांचा मुद्दा मी स्वीकारतो. इजेचे वजन कमी करून कृतीचे वाढवावे, याला माझा विरोध नाही. स्पष्टीकरणाबद्दल मात्र एक व्यावहारिक भीती आहे. ‘ही धडक नियमात बसते, कारण...’ असे लिहून दिले की पुढच्या प्रत्येक सुनावणीत वकील तेच वाक्य पुढे करतील आणि खेळाडू त्या मर्यादेच्या अगदी काठापर्यंत खेळतील. तरी प्लेऑफपुरते, आणि डोक्याला स्पर्श झालेल्या घटनांपुरते, दोन ओळींचे निवेदन द्यायला हरकत नसावी.

पण मला सर्वांत मोठी उणीव वाटते ती विभागाच्याही आधीची आहे. एकब्लाडने हेगलला मारले तेव्हा पेनल्टी लागली नाही. पुढे शेवटच्या चार मिनिटांत बरोबरीचा गोल खुद्द एकब्लाडने केला. त्यानंतर अकरा सेकंदांत सेथ जोन्सने आघाडीचा गोल केला आणि फ्लोरिडाने तो सामना जिंकला. पुढे दोन सामन्यांचे निलंबन झाले, पण त्यातला पहिलाच सामना टँपाविरुद्ध होता. मालिका तिथे संपली आणि दुसऱ्या सामन्याचा लाभ, असलाच तर, टोरंटोला झाला. निलंबन कितीही योग्य असले तरी ज्या संघाने खेळाडू गमावला त्याला ते काही परत देत नाही. ते काम फक्त जागेवर दिलेली पेनल्टीच करू शकते.

आणि प्लेऑफमध्ये पंच शिट्टी कमी वाजवतात, हे मी पंच असूनही नाकारू शकत नाही. ‘सामना खेळाडूंनी ठरवावा, पंचांनी नव्हे’ हे वाक्य आम्हाला सतत ऐकवले जाते. पण शिट्टी न वाजवल्यानेही सामना ठरतोच. शिवाय सध्याच्या नियमानुसार पंचांनी मेजर पेनल्टी दिली तरच तिची चित्रफीत पुन्हा पाहता येते. काहीच दिले नाही तर पाहायची सोय नाही. २०२३ मध्ये केल मकारने सिअ‍ॅटलच्या जॅरेड मॅकॅनला कठड्यावर आदळले, तेव्हा पंचांनी आधी मेजर दिली, चित्रफीत पाहून ती दोन मिनिटांच्या मायनरवर आणली, आणि नंतर विभागाने त्याच धडकेसाठी एक सामन्याचे निलंबन केले. म्हणजे पुन्हा पाहूनही लीगच्या दोन शाखांचे मत जुळले नाही.

कन्कशनच्या बाबतीत २०१६ पासून न्यूयॉर्कमध्ये बसलेले निरीक्षक सामना पाहत असतात आणि लक्षणे दिसली तर खेळाडूला तपासणीसाठी बाहेर काढण्याचा आदेश देऊ शकतात. त्या वर्षी डिसेंबरमध्ये मॅकडेव्हिडलाही असे बाहेर काढले होते आणि तो त्यावर नाराज झाला होता. गोल झाला की नाही हे टोरंटोच्या चित्रफीत कक्षातून तपासले जाते. मग निदान प्लेऑफमध्ये, डोक्यावरची धडक पंचांच्या नजरेतून सुटली असेल तर, पुढच्या थांब्याला त्याच कक्षातून पंचांना सूचना देण्याची सोय का असू नये? माणसे आहेत, पडदे आहेत, दूरध्वनीही आहे. फक्त नियमात तशी तरतूद हवी.

दुसरी_फळी (एडमंटन)

या सूचनेला माझे अनुमोदन. त्यात एक भर घालतो: जी शिक्षा त्या मालिकेत भोगून होत नाही ती पुढच्या हंगामात चालू राहते, एवढे तरी आज घडते. २०२१ मध्ये विनिपेगच्या मार्क शायफेलेने मॉन्ट्रियलच्या जेक एव्हान्सला रिकाम्या गोलसमोर धावत येऊन धडक दिली, त्याला चार सामने मिळाले, विनिपेग चारही सामने हरल्याने त्यातले तीनच तिथे भोगून झाले आणि चौथा त्याने पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला भोगला. प्लेऑफमधील निलंबनातही पगाराचा नियमित हंगामाच्या दराने हिशेब करून तेवढी रक्कम कापावी, अशी तरतूद पुढच्या करारात व्हावी असे मला वाटते. खेळाडूंची संघटना ती सहज मान्य करणार नाही. पण एव्हान्सही त्याच संघटनेचा सदस्य होता.